फुलामागचा स्लॅब

बाई, परवा भरदुपारी मी आमच्या बेडरूममध्ये फरशीवर पाठ टेकून आडवा झालो, तुम्ही आम्हाला चित्रकलेच्या तासाला आडवं करायचात तसा. बायको दारात आली, क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, छातीत दुखतंय का?" पन्नाशी उलटलेला माणूस जमिनीवर पडून छताकडे बघायला लागला की घरच्यांना दुसरं काय सुचणार? मी म्हटलं, काही नाही, बघतोय. तुमच्याबद्दल मी तिला शंभरदा सांगितलं आहे, पण तेव्हा तुमचं नाव काढायची हिंमत झाली नाही, कारण मी नक्षी बघत नव्हतो. पंख्याजवळ एक तपकिरी डाग आला होता आणि तो कालच्यापेक्षा वाढलाय का, एवढंच बघत होतो.

गिरीजच्या वाडीतून तुम्ही सायकलवर शाळेत यायचात. हँडलला पिशवी आणि पिशवीत आमच्यासाठी वेलची केळी. चित्रकलेच्या तासाला टेबलावर फुलदाणी मांडायची सोडून तुम्ही आमचा सातवीचा वर्ग चर्चमध्ये नेलात, फादरांची परवानगी काढलीत आणि सगळ्यांना ओळीने पाठीवर झोपायला लावलंत. वर लाकडी छत, मधोमध कोरलेलं मोठं फूल. पोरं खिदळत होती, एक तर खरोखरच घोरायला लागला. मी कंपास लावून फूल काढलं, सगळ्या पाकळ्या सारख्या. तुम्ही खोडरबर घेतलंत आणि अख्खं पुसून टाकलंत. "हे मोजून काढलंयस. बघून काढ. ती एक पाकळी सुताराने जाड ठेवलीय. का ठेवली असेल?" मग तुम्हीच सांगितलंत, की तिच्यामागे वाशांचा सांधा आहे, जुन्या कामात नक्षी जाड होते तिथे ती बहुतेक काहीतरी पेलत असते. मला रडू आलं होतं. पाकळीचं काही नव्हतं, चांगलं जमलेलं चित्र गेलं म्हणून.

पुढच्या आठवड्यात वसईच्या किल्ल्यातलं चर्च. तिथे छप्पर नाहीच. भिंती आहेत, कमानी आहेत आणि वर नुसतं आभाळ. मी आडवा व्हायला तयार नव्हतो. कमानीतला एक दगड नेमका माझ्या छातीवर येणार असं वाटत होतं. तुम्ही ओरडला नाहीत. कडक इस्त्रीच्या पातळासकट माझ्या शेजारी गवतात आडव्या झालात आणि म्हणालात, "पडायचं होतं ते पडून गेलं रे. आता जे उभं आहे, ते एकमेकांना रेटून उभं आहे." तुमचा तो आवाज आज मला फार हवा आहे. खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला बसलो.

मी काय करतो ते तुम्हाला कळलंच नाही. सातिवलीत माझा गाळा आहे, तिथे मी पीओपीच्या नक्षीचे साचे बनवतो. फॉल्स सीलिंगच्या मध्यावर जे फूल असतं, कडेला जी वेल फिरते, ती माझी. जिथे गेलो तिथे आडवा झालो, बाई. अंबरनाथच्या देवळात पुजाऱ्याने हाकललं. अहमदाबादच्या पोळांत, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्यांत, सज्ज्यांखालचे पोपट कोरलेले लाकडी टेकू बघत उभा होतो, तर एका म्हाताऱ्या बाईने पाणी आणून दिलं. मुंबईत फोर्टातल्या कचेऱ्यांच्या खांबांवरची दगडी पानं बघताना खिसा कापला गेला. हे सगळं मातीत उतरवून त्याचे साचे केले आणि वसई-विरारच्या वन बीएचकेंमध्ये चिकटवलं. चर्चमधलं फूलही केलं, जाड पाकळीसकट. गिऱ्हाईकं विचारायला लागली, ही एक पाकळी चुकलीय का हो? शेवटी सगळ्या सारख्या केल्या. तेव्हापासून ते धो धो खपतं.

कार्ल्याच्या लेण्यात मात्र तुमची फार आठवण आली होती. तिथे दगडी छताखाली लाकडाच्या फासळ्या बसवल्या आहेत आणि त्या काही म्हणजे काही पेलत नाहीत. वर अख्खा डोंगर आहे, त्याला कुणाची मदत नको. लाकडी घरं बांधायची सवय सुटेना, म्हणून त्या लोकांनी डोंगराच्या पोटातही लाकूड लावलं. तुमचा नियम इथे मोडतो, हे तुम्हाला येऊन सांगायचं होतं, पण तोवर तुम्ही गेला होतात. मग मी माझ्याच धंद्याची समजूत घातली: आपलंही तसंच, पेलायचं काही नाही, नुसतं छान दिसायचं. आमच्या मागे डोंगर नसून बिल्डरने घाईघाईत ओतलेला स्लॅब आहे, हे मी त्यात धरलं नाही.

वसई पूर्वेला आमची इमारत चार मजल्यांची, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. शेजारधर्म म्हणून कमी भावात मी जवळजवळ सगळ्यांकडे सीलिंग करून दिलं आहे. वास्तुशांतीला आलेले पाहुणे माना वर करून वाहवा करत. खरा स्लॅब आमच्यापैकी कुणीही कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. आमच्या वर एक निवृत्त काका आणि काकू राहतात. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काका खाली उतरत नाहीत, घरातच फेऱ्या मारतात, नेमक्या आमच्या बेडरूमच्या वर. पाऊस संपला आणि त्यांच्या पावलांबरोबर सीलिंगच्या आत एक आवाज यायला लागला, वर्तमानपत्रावर रवा सांडावा तसा. त्या खोलीत माझी बारावीतली मुलगी झोपते, आम्ही दोघं हॉलमध्ये.

सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "इमारतीचं ऑडिट केलं की पालिकेची नोटीस येणार, नोटीस आली की घर खाली करा. जायचं कुठे सगळ्यांनी? उगाच खाजवून खरूज काढू नका." आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. कुणीतरी बघू नको म्हणालं होतं. पण रात्री मुलगी झोपायला गेली की मी काहीतरी निमित्त काढून तिच्या खोलीत डोकावत होतो.

परवा फरशीवरून उठलो तो गाळ्यावरच्या फिटरला फोन करूनच. तो पूर्वेकडच्या गावातला, वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. शिडीवर चढून त्याने डागावर बोट दाबलं. "शेठ, पानी मुरलंय. फूल कापू?" मी हो म्हटलं. पंखा उतरवला, कटर फिरला, फूल जरासं खाली आलं आणि तो एकदम म्हणाला, "हात लावा, जड हाय." ते जड असायचं कारणच नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून ते खाली घेतलं. त्याच्या पाठीवर स्लॅबचा थाळ्याएवढा तुकडा पडलेला होता. तो केव्हा सुटला कुणास ठाऊक. माझ्या फुलाने तो धरून ठेवला होता, मुलीच्या उशीच्या वर. मी भोकातून बघितलं. सळया उघड्या पडल्या होत्या, गंजून फुगल्या होत्या, त्यांचे पापुद्रे सुटत होते. बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि मुलीची गादी हॉलमध्ये ओढत घेऊन गेली. काल मुलीला भुईगावला मामाकडे पोचवलं.

सेक्रेटरींनी येऊन ते भोक बघितलं आणि खुर्चीत बसून राहिले. सोमवारी इंजिनीअर येणार आहे. आता बाकीच्यांची छतं उघडायची आहेत. काल दोन घरांत गेलो, तर दोन्हीकडे चहा मिळाला आणि दोन्हीकडे दिवाळीनंतर बघू म्हणाले. मी लावलेल्या फुलाखाली त्यांची नातवंडं खेळत होती.

वर काकांकडे जायला मात्र पाय उचलत नव्हते. आमचं छत म्हणजे त्यांची जमीन. शेवटी काल संध्याकाळी गेलो. काका फेऱ्याच मारत होते, एक हात भिंतीला. मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "म्हणजे इतके दिवस मी तुझ्या मुलीच्या डोक्यावर चालत होतो?"

"काका, तुमची काय चूक? पण त्या खोलीत आता जाऊ नका. हॉलमध्ये चाला."

"हॉलखाली काय आहे?"

आमच्या हॉलमध्येही माझीच वेल आहे आणि तिच्यामागचं मी अजून उघडलेलं नाही. काकू म्हणाल्या, "मुलाचा फ्लॅट पुण्याला. लिफ्ट बंद आहे तिथली. यांना जिने चढवायचे कसे?" त्यांनीही मला चहा दिला, आणि मी तो उभ्यानेच प्यालो.

बाई, जे उभं आहे ते उभं राहील, असं तुम्ही आज म्हणू शकला असतात असं मला वाटत नाही, आणि तेच सहन होत नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. आज सकाळपासून काका वर चालताहेत, हॉलमध्ये, आमच्या डोक्यावर. पण चालणं बदललंय. एकेक पाऊल ते अलगद टेकवतात, थांबतात, मग दुसरं उचलतात. मी खाली श्वास रोखून ऐकत बसलो आहे, आणि मघाशी पाण्याला उठलो तेव्हा लक्षात आलं, चपला काढून ठेवून मीसुद्धा चवड्यांवर चालतोय.