मधलं नाव

कमळ,

म्हसळ्याची ती जुनी गाडी बघायला एकटाच जातोय, आगरदांड्याहून पहिली फेरीबोट धरतो. भाच्याने, विपुलने सांगितलं तसा सरकारी ॲपवर नंबर टाकला, गाडीची कुंडली फुकटात निघाली. कर्ज नाही, विमा चालू. मालकाच्या नावावर मात्र फुल्या होत्या, म्हणून दलालाकडून आरसी बुकचा फोटो मागवला. त्यावर निकेत रामचंद्र म्हात्रे. आपलाच निकेत. पत्ता श्रीवर्धनचा.

गाडीचं नंतर बघू, आधी त्या पत्त्यावर जातो. दार बंद मिळालं तर तुला रडताना बघवणार नाही, म्हणून उठवलं नाही. डब्यातला सुका जवळा नेलाय, शोधत बसू नको.

चार वर्षांपूर्वी या घरात त्याचं नाव काढायचं नाही, असं मीच बजावलं होतं. त्याने आपल्या नावातून माझं नाव काढलेलं नाही.