काठावरची चाचणी अमान्य

मृत्युपत्र करून ठेवतो असा मी, अरविंद विनायक सामंत, वय त्रेपन्न, मूळचा मालवणचा, हल्ली मुक्काम सिल्वासा, सरकारी भूमापन कार्यालयात नकाशांच्या विभागात सेवारत. माझी बुद्धी स्थिर आहे, नाडी नाही. ती मध्येच विसावा घेते आणि तिच्या विसाव्याच्या काळात मी दोनदा भूमिगत होता होता वाचलो आहे: एकदा कार्यालयात, एकदा भाजीबाजारात, हाती दुधीभोपळा असताना. त्यास्तव येत्या बुधवारी वापीच्या एका रुग्णालयात माझ्या छातीत पेसमेकर नामक यंत्र बसवण्याचे योजिले आहे. हा लेख मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. माझी पत्नी मंगला शेजारच्या खोलीतून "झालं का? की बुधवार उलटेपर्यंत लिहीतच बसणार?" असे विचारत आहे, त्यास कायद्यात दडपण म्हणत नाहीत, असे वकिलांनी कळवले.

कलम पहिले. सिल्वाशाच्या आमली भागातील राहती सदनिका माझ्या पश्चात सर्वस्वी मंगलाची. "वहिनी एकट्या कशा राहणार?" या करुणामय प्रश्नासह माझे धाकटे बंधू सहकुटुंब अवतीर्ण झाल्यास त्यांना चहा द्यावा, पोहे द्यावेत, खोली देऊ नये. वडिलांचा पितळी बंब त्यांना मिळालेला आहेच. म्हणजे त्यांनी तो मिळवलेला आहे.

कलम दुसरे. बँकेतील व भविष्यनिर्वाह निधीतील शिल्लक मंगलाची. तिच्या पश्चात चिरंजीव रोहन व कन्या धनश्री यांची समसमान. याविषयी मला भाष्य करायचे नाही. शिल्लकही भाष्य करण्याजोगी नाही.

कलम तिसरे. आता मुख्य संपत्ती. रिमोटवर चालणाऱ्या शर्यतीच्या दोन नौका, त्यांच्या मोटरी, बॅटऱ्या, पाणी कापणारे पंखे, पाने, तारा सांधण्याची सोल्डरिंगची इस्त्री आणि बंदुकीसारखा धरायचा तापमापक. मालवणात जन्मून मला पोहता येत नाही, होडीत बसताच पोटात ढवळते. तेव्हा कुळाचे सागराशी असलेले नाते मी अथालच्या बाजूच्या, खाणीत साचलेल्या तळ्याच्या काठी, कोरड्या पायांनी जपले आहे. लाल नौका रोहनची, पिवळी धनश्रीची. हत्यारे दोघांत सामाईक, व त्यावरून भांडण्याचा हक्कही सामाईक.

कलम चौथे. उपरोक्त दान सशर्त आहे. अट टायमिंगसंबंधी. हा लेख पुढेमागे न्यायासनासमोर गेल्यास महोदयांच्या सोयीसाठी खुलासा करतो. ब्रशलेस मोटरीत फिरते चुंबक तारेच्या वेटोळ्यासमोर पोहोचण्याच्या किंचित आधी तेथे वीज सोडावी लागते. किती आधी, ते अंशांत मोजतात, तेच टायमिंग. पाहुणा जिन्यात असतानाच चहाचे आधण ठेवावे, तसे हे आहे. त्याने बेल वाजवल्यावर ठेवले तर तो ताटकळतो. तो वापीहून निघण्याआधीच ठेवले तर आधण आटते आणि भांडे करपते. टायमिंग पुढे ढकलले की वेग वाढतो, उष्णताही वाढते. तरुणांना वेग दिसतो. रोहन पुण्याहून दर रविवारी फोनवर विचारतो, "बाबा, तीस डिग्री मारा ना एकदा! काय होईल?" जे होईल, ते करपट वासाचे असते.

यास्तव वारसांनी एका वेळी एकच बदल करावा, तोही लहान. टायमिंग बदलले तर पंखा बदलू नये. पंखा बदलला तर टायमिंगला हात लावू नये. प्रत्येक बदलानंतर नौका पाण्यात थोडीच पळवावी, काठावर आणावी, मोटरीचे तापमान पाहावे, मगच पुढचा विचार करावा. आणि काठावर, हातात धरून, रिकामी फिरवलेली मोटर कितीही गोड गायली तरी त्या गायनावर विश्वास ठेवू नये. भार पाण्यात असतो. काठावर सर्वच मोटरी सद्गुणी असतात.

कलम पाचवे. श्री. सुधाकर रामदास पाटील, मूळचे पारोळ्याचे, हल्ली गलोंड्यातील प्लॅस्टिकच्या कारखान्यात पाळीप्रमुख, यांना मी काहीही देत नाही. गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवानंतरच्या शर्यतीत त्यांनी माझी लाल नौका हाती घेतली, काठावर मोटर फिरवली, कान लावला आणि उद्गारले, "आवाज ऐका सामंतसाहेब, मख्खन!" तदनंतर त्यांनी टायमिंग कमाल केले. नौका तळ्याच्या मध्यापर्यंत गेली व तेथे तिने धूप घातला. त्यांना वगळण्याचे दुसरे कारण असे की, त्यांना मी साक्षीदार नेमले आहे आणि साक्षीदारास वाटा ठेवू नये असा वकिलांचा सल्ला आहे. हे कलम वाचून ते म्हणाले, "माझी बदनामी पानभर, आन वाटा चिमूटभर बी नाही? भाऊ, सही तरी का करू मी?" मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "टेन्शन नका घेऊ. डॉक्टर लोक रोज करतात हे काम. पोरंसोरं चालत घरी जातात."

पोरंसोरं जात असतील. मला झोप येत नाही.

कलम सहावे. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही, असे वकील म्हणतात. तथापि मला ते अन्यत्र कोठे बसवावे हे कळत नाही. डॉक्टरांना मी सविनय विचारले, "यंत्राचा वेग ठरवताना चाचणी कशी घेता?" ते म्हणाले, "तुम्ही टेबलावर असतानाच. स्क्रीनवर सगळं दिसतं, काका." मी म्हणालो, "आणि जिना चढताना? भांडताना? मी आडवा असताना तर माझे हृदयही सद्गुणीच असते." ते हसले. "काही दिवसांनी या ना परत. गरज पडली तर बाहेरूनच वेग बदलू." गृहस्थ सज्जन आहेत, हातही स्थिर आहेत. परंतु ते आणि सुधाकरराव एकाच सुरात हसतात.

म्हणून लिहितो. मी बोलण्याच्या स्थितीत नसलो आणि पुढे न्यावे की थांबावे, असा प्रश्न माझ्या माणसांना विचारला गेला, तर शब्द धनश्रीचा अंतिम. मंगला मला सोडणार नाही. रोहन आणखी एक यंत्र लावा म्हणेल. धनश्रीचे मी पाहिले आहे. यंदाच्या शर्यतीत रिमोट तिच्या हाती होता, पिवळी नौका सर्वांच्या पुढे. मोटर थंड ठेवणारे पाणी नौकेच्या कुशीतून बारीक धारेने बाहेर पडते. शेवाळ अडकून ती धार थांबली. सुटीवर आलेला रोहन काठावरून ओरडत होता, "अगं दाब! पहिली आहेस तू!" ती म्हणाली, "धार थांबलीये," आणि तिने वेगाचा खटका सोडला. शर्यत गेली, मोटर राहिली. केव्हा सोडायचे, हे त्या तळ्यावर एकट्या तिला कळते. मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच.

येथे लेख संपवून मी तो धनश्रीस वाचावयास दिला. तिने सावकाश वाचला. सहाव्या कलमापाशी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"मी ही जबाबदारी घेणार नाही, बाबा."

"का?"

"यात जिवंत माणसाचं एकही कलम नाही. घर पश्चात, पैसे पश्चात, होड्या पश्चात. तुम्ही बुधवारी मरायचंच ठरवून बसलाय. ठरवलेल्या माणसासाठी मी काय ठरवू?"

"अगं, हे मृत्युपत्र आहे."

"माहितीये. मृत्युपत्रात काय काय असतं ते विचारायला वकिलांना फोन केला होता मी. 'माझ्या हयातीत' हे कलम सगळ्यात आधी असतं म्हणाले, कोणी विसरतच नाही. ते लिहा. मग सहावं मी कबूल केलं असं समजा."

आतून मंगला म्हणाली, "आणि जरा ठळक लिहायला सांग त्यांना."

उभे आयुष्य मी जमिनींच्या हद्दी आखल्या. या नकाशात चारी बाजू चोख आखून आत राहणारा माणूस गाळला. दुरुस्ती करतो.

कलम सातवे, जे पहिले समजावे. मी हयात असेतोवर वरील सर्व काही माझे व माझ्याच ताब्यात राहील, आणि त्याचा मी पुरेपूर उपभोग घेईन. वारसांनी वाट पाहावी, व ती दीर्घ असावी अशी इच्छा धरावी. 'पुरेपूर' हा शब्द धनश्रीने घातला आहे. तो मागाहून दोन शब्दांच्या फटीत बसवल्याने वेडावाकडा आहे. खाडाखोड समजू नये.

हा लेख वाचून, समजून, खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

अरविंद विनायक सामंत

साक्षीदार:
१. सुधाकर रामदास पाटील, गलोंडा
२. उषा मोरेश्वर तारी, शिक्षिका, शेजारी, आमली

सिल्वासा, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५