समोरची खोली, फळा आणि ओळख यांबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सेहेचाळीस, अविवाहित, नववी-दहावीच्या मुलांची भाषाशिक्षिका, हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात लिहून ठेवते. येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणाले. ते त्यांनी इतक्या वेळा म्हटले की मी कागद घेऊन बसले. माझी बुद्धी शाबूत आहे. ती शाबूत नाही असे माझ्या थोरल्या भावाचे, म्हणजे दादाचे, जुने मत आहे. पण ते मी शिक्षिका झाले त्याबद्दल होते, आणि तेवढ्याने दस्त रद्द होत नाही असे वकीलबाई सांगतात. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दादाने आणून पाहिला, तो कलम चारमध्ये येईल.

कलम १. बँकेतली सर्व शिल्लक वहिनीला द्यावी, तिच्या एकटीच्या नावाने. ती नक्की विचारेल, "वन्सं, ह्यांना सांगू का?" उत्तर इथेच लिहून ठेवते: सांगू नये.

कलम २. शिट्टी न होणारा कुकर भंगारात द्यावा. माझ्या रोजनिशा रद्दीत घालाव्यात. त्यांत कोणाचेही गुपित नाही. मी सगळ्या पुन्हा वाचून खात्री केली आणि थोडी निराशच झाले.

कलम ३. आमच्या मुख्याध्यापकांना मुले 'परिपत्रक' म्हणतात, कारण ते बोलतात तेव्हा खाली जावक क्रमांक असेल असे वाटते. किशोरवयीन मुलांत 'स्व-ओळख' जागवा आणि फोटो पाठवा, असा वरून आदेश आला, त्या वर्षी त्यांनी अख्खी नववी मैदानात उभी केली आणि प्रत्येकाच्या हातात एक पाटी दिली. 'मी नेता आहे.' 'मी संवेदनशील आहे.' शेवटच्या रांगेतल्या, हजेरीलाही ओठ न हलवणाऱ्या मुलाला 'मी धाडसी आहे' मिळाली, कारण तेवढीच उरली होती. फोटो झाल्यावर पाट्या परत घेतल्या. पुढच्या वर्षीच्या मुलांनाही ओळख लागणार होती.

मुख्याध्यापकांना माझ्याकडून काही नाही. हे 'काही नाही' त्यांना दोन प्रतींत कळवावे.

इथवर लिहून पुन्हा वाचले. तुच्छता जरा जास्त होते आहे का, असे स्वतःला विचारले. होते आहे. खोडण्यासारखे एकही वाक्य मात्र सापडले नाही.

कलम ४. तळमजल्यावरची माझी दोन खोल्यांची जागा स्वकष्टार्जित आहे. तिच्यातल्या समोरच्या खोलीत एक फळा आणि एका बंद पडलेल्या शिवणवर्गाचे सहा बाक आहेत. दर शनिवारी तिथे मी ज्याला यायचे त्याला शिकवते. शाळेत शिकवता येत नाही ते तिथे शिकवते. कविता वाचून झाली की 'कवीला काय म्हणायचे आहे' हे तिथे कोणी विचारत नाही. कवीला म्हणायचे ते त्याने म्हटलेले असते. ही ओळ कोण बोलते, कोणाशी, आणि ऐकणाऱ्या तू कोण, एवढेच मी विचारते. लिहिण्याचा नियमही एकच आहे: पटवून द्यायचे तर एका माणसाला पटवून द्यायचे, आणि त्याचा पत्ता वर लिहायचा. "बाई, मला समाजाला पटवायचंय," असे एक जण म्हणाला. मी विचारले, "समाज कितव्या मजल्यावर राहतो?" तो आठवडाभर रुसला. मग त्याने बापाला लिहिले, 'मी तुमच्यासारखा दिसतो म्हणून तुमच्यासारखा होईन, हे कशावरून?' बापाने त्याला उत्तर लिहिले. तेही मी वर्गात वाचून दाखवले. मुलाच्या पत्रापेक्षा बरे होते.

दादाला ही खोली गोदामासाठी हवी आहे. दादा हमखास निबंधांची गाइडे छापतो. त्याच्या 'माझी ओळख' या निबंधाची सुरुवात अशी आहे: 'मी एक गुणी मुलगा/मुलगी आहे (नको ते खोडावे).' एका वर्षी माझ्या अर्ध्या वर्गाने काहीही न खोडता हे जसेच्या तसे उतरवले, कंसासकट. मी ते गठ्ठे दादासमोर नेऊन आपटले. तो म्हणाला, "अगं, पोरांना मार्क हवेत, ओळख नको. ओळख लागलीच कधी, तर माझी सांगतील!" आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसला.

गेल्या महिन्यात तो फळे घेऊन आला आणि खोलीची लांबी-रुंदी मोजून गेला. माझी तब्येत विचारायला विसरला, ती वहिनीने फोनवर विचारली.

ही खोली गोदाम होणार नाही. या दस्तातले बाकी सर्व कोणी मोडले तरी चालेल.

कलम ५. दादाची मुलगी, माझी पुतणी, नववीत माझ्याच वर्गात होती. ओळखीचा फायदा दिला असे कोणी म्हणू नये म्हणून वर्षभर मी तिला शाळेत ओळख दाखवली नाही. त्याच कारणाने वार्षिक परीक्षेचा तिचा निबंध तपासायला दुसऱ्या शाळेत गेला. विषय 'माझी ओळख'. तिने लिहिले होते:

'माझी ओळख एका बाईंशी आहे. घरी त्या माझी आत्या असतात. शाळेच्या फाटकाशी आल्या की त्या चष्मा पुसतात, आणि पुसून झाला की मला ओळखत नाहीत. मग मी कोण, हे मला फाटकापासून वर्गापर्यंत ठरवावं लागतं.'

परीक्षकांनी दहापैकी शून्य दिले आणि शेरा मारला: 'विषयांतर. विद्यार्थिनीस ओळख या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही.'

मी भांडायला गेले. मुख्याध्यापक गोड हसून म्हणाले, "बाई, ओळखीतल्या मुलीसाठी शब्द टाकताय?" त्या एका वाक्यात हा शब्द नेमका कोणाला ठाऊक आहे ते कळले. मग पुतणीने परीक्षकांना स्वतःच लिहिले, वर पत्ता घालून. 'सर, तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच माझा पेपर तुमच्याकडे पाठवला. मग माझी ओळख तुम्हाला पटली नाही, यात माझी चूक किती?' त्यावर समिती बसली, चहा झाला, आणि सहानुभूती म्हणून चार गुण मंजूर झाले. पोरगी म्हणाली, "पटलं असेल तर पूर्ण द्या. नसेल तर शून्य माझं आहे, राहू द्या."

शून्य राहिले. दादा महिनाभर घरभर ओरडत होता, "बापाचा निबंधांचा छापखाना, आणि पोरगी निबंधात भोपळा आणते!"

त्या परीक्षकांना माझा जाड शब्दकोश द्यावा. 'ओळख'च्या पानावर खूण घातली आहे.

कलम ६. पुतणी आता चोवीस वर्षांची आहे. दादाच्या छापखान्यात मुद्रिते तपासते, आणि गादी तिनेच चालवायची हे दादाने ठरवून टाकले आहे. शनिवारी ती उशिरा येऊन मागच्या बाकावर बसते. मुले अडली की फळ्यापर्यंत येते आणि परत जाते. शिकवीन असे ती कधी म्हणालेली नाही.

माझी संपूर्ण जागा, समोरच्या खोलीसह, मी तिला देते. या कलमात आधी एक अट होती: 'तिने या खोलीत वर्ग चालवला पाहिजे, अन्यथा हक्क राहणार नाही.' ती मी खोडली आहे आणि समासात सही केली आहे. वकीलबाई वैतागून म्हणाल्या, "अहो, अट नसेल तर उद्या ती तुमच्या भावालाच देईल खोली! कलम चार मग काय हवेत राहणार?" राहील. मी आयुष्यभर मुलांना पटवायला शिकवले. मेल्यावर हुकूम सोडला, तर दादाचा छापखाना आणि माझा फळा यांत फरक काय? दोघांनी मिळून पोरीच्या हातात एकेक पाटी दिली, इतकेच व्हायचे. 'नको ते खोडावे' ही दादाच्या गाइडातली एकुलती एक सूचना माझ्या उपयोगी पडली.

म्हणून हुकूम नाही, एक वाक्य, आणि त्यावर पत्ता आहे.

प्रति, पुतणी, मागचा बाक: बाळा, तो चष्मा कधीच मळलेला नसायचा.

कलम ७. मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांना माझी छत्री द्यावी, कारण ती त्यांचीच आहे.

हे मी वाचले, समजले आणि राजीखुशीने सही केली.

ठिकाण: समोरची खोली, पहिला बाक
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा गुरुवार
(सही) दस्त करून देणार, भाषाशिक्षिका

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष वरील सही झाली:
१. (सही) डॉक्टर. बुद्धी शाबूत असल्याचे प्रमाणित करतो. जीभही.
२. (सही) पलीकडच्या दुकानातले घड्याळजी

ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पण ओळख पटवायला हरकत नाही, असे वकीलबाईंनी सांगितल्यावरून:

ओळख पटवणार: दस्त करून देणाऱ्या बाईंना मी व्यक्तिशः ओळखते. फाटकाच्या आतसुद्धा. शनिवारी खोली उघडी असेल.
(सही) पुतणी