चाकांचं फूल

शुक्रवार, तारीख आठ

लाडक्या चिमणीस आजीचा मुका.

एकेका माणसाचं एकेक फूल चिकटवून केलेलं तुझं चित्र पोचलं. ते बघायला सगळ्यात आधी कोण उगवलं म्हणशील, तर खालच्या मजल्यावरची शिंपीण. गळ्यात टेप तसाच. "मावशी, नातीची फुलं बघायला आले," म्हणाली आणि चहा होईपर्यंत हलली नाही. तुझ्या चित्रातल्या गुलाबाच्या पाकळ्या तिच्याच दुकानातल्या चिंध्यांच्या, तेव्हा गुलाब म्हणजे आपणच, असं तिनं ठरवूनही टाकलं. तो तू आईसाठी केलाय हे मी बोलले नाही. कशाला हिरमोड करायचा. सदाफुली मात्र सोडली नाही हो मी. बारा महिने फुलते, काही मागत नाही, म्हणजे मीच, असं तूच म्हणालीस. काही मागत नाही हे तेवढं खोटं, पण असो.

आता रागावू नकोस. फुलंच ती, म्हणून मी चित्र खिडकीत उन्हाला ठेवलं. कुंड्यांची सवय गं. डिंक मऊ झाला आणि घड्याळाच्या चाकांचं ते निवडुंगाचं फूल सुटून पडलं, त्याची सगळी चाकं पलंगाखाली. शिंपीण म्हणाली, "एवढं बारीक उचलायला घड्याळजीचा चिमटा हवा." घड्याळजी आपल्या घरात एकच, तुझा बाबा. तू त्याचं दुकान सोडून चित्रांच्या मागे लागलीस तेव्हापासून तुझा विषय निघाला की तो उठून जातो. मग मी निरोप धाडला, घड्याळ पडलंय म्हणून.

आला. मागून तुझी आई. डोळ्याला भिंग लावून पलंगाखाली शिरला, एक चाक उजेडात धरून उलटसुलट करून पाहिलं.

"आई, हे घड्याळ नाही."

"नाही."

"हा माझ्या टेबलावरचा कचरा आहे. मी टाकलेला."

"तिनं जपून ठेवला. फूल तुझं आहे. निवडुंगाचं."

"मी निवडुंग?"

"मग काय, मोगरा?" तुझी आई म्हणाली. तेव्हा तोही हसला बाई. किती दिवसांनी.

डिंक नको म्हणाला. अंधार पडेपर्यंत बसून मधोमध बारीक तार रोवली, चाकात चाक अडकवलं. आता बोट लावलं की फूल फिरतं. एक चाक झिजलंय, ते बदलायला हवं म्हणतो.

"तिला विचार, फूल फिरलेलं चालेल का," मला सांगतो.

"तूच विचार की."

चपला घालताना म्हणाला, "कधी असते ती इथे?"

मी म्हटलं, रविवारी. तू रविवारी येत नाहीस, ते मला ठाऊक आहे; तरी सांगितलं. ज्या चिमट्याला तो कुणाला हात लावू देत नाही, तो इथेच ठेवून गेलाय.

तुझीच,
आजी

येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येतो, असं दोघंही सांगून गेलेत.