चार नंबरची गंजी

४ डिसेंबर २०१७, खामगाव

पोचले एकदाची! जलंबहून त्या छोट्या गाडीने आले, तर कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मॅनेजर नारायणराव स्वतः स्टेशनवर हजर. वाटेत गरम कचोरी खाऊ घातली. माझी खोली वजनकाट्याच्या वरच आहे. खिडकीतून अख्खं आवार दिसतं आणि त्यात कापसाचे सहा पांढरे ढीग, दोन मजली घराएवढे. इथे त्यांना गंजी म्हणतात. मागच्या हंगामात एक गंजी आतल्या आत धुमसून जळाली, म्हणून यंदा आमच्या कंपनीला बोलावलंय.

काम सोपं आहे. प्रत्येक गंजीत खडूएवढा एक सेन्सर. तो दर मिनिटाला आपलं नाव आणि तापमान पाठवतो. डेटाबेस सगळं मेमरीतच धरून ठेवतो, डिस्कवर काही नाही. त्यामुळे चपळ, पण वीज गेली की पाटी कोरी. एखादा सेन्सर गप्प झाला, तर त्याचं नाव आपोआप पुसलं जातं. मला हे स्क्रीनवर चित्रासारखं दिसतं: डावीकडे सहा नावं, उजवीकडे सहा रेघा. रेघ पस्तीस अंशांपुढे गेली की भोंगा.

खोलीत नुसती लोखंडी खाट आहे. कापसाच्या गावात येऊन मॅडम सतरंजीवर झोपसान का, म्हणत नारायणरावांनी नव्या रुईची गादी भरून द्यायचं कबूल केलंय. मजेत जाणार हंगाम!

७ डिसेंबर

कसली मजा. दिवसातून तीनदा लाइन जाते आणि माझा डेटाबेस नुकत्याच जन्मलेल्या पोरासारखा कोरा होऊन उठतो. सगळं पुन्हा शिकवा. खिडकी उघडावी तर कापसातल्या गुलाबी अळ्या भिंतीवरून आत येतात. बोंडअळीने शेतं खाऊन झाली, आता माझी खोली.

त्यात चार नंबरची गंजी. सदतीस अंश! भोंगा वाजला, मी धावत खाली. तिथे कडूबा शांतपणे कापूस रचत होता. साठीचा माणूस. बोंडअळीने खाल्लेल्या कपाशीवर नांगर फिरवून इथे कामाला आलेला. गंजीच्या पायथ्याशी चपला काढून ठेवलेल्या. लक्ष्मी आहे, कापसावर चपलेने कोणी चढत नाही. गंजीत हात खुपसून पाहिला, गारच होती.

मग कडूबाने सदरा वर केला. सेन्सर त्याच्या कंबरेच्या करगोट्याला बांधलेला! एवढी नाजूक काडी, ढिगात हरपली त मंग तुमी मलेच बोलसान ना, हे त्याचं म्हणणं. म्हणजे मी गंजीचा नाही, कडूबाचा ताप मोजत होते. नको नको ते बोलले. तो हाव, हाव म्हणत हसत राहिला.

९ डिसेंबर

पालथ्या घड्यावर पाणी. काडी पुन्हा करगोट्याला. माझ्यासमोर गंजीत खोचतो, पाठ फिरली की काढतो. भोंग्याने डोकं उठलंय. शेवटी चार नंबरचा भोंगाच बंद करून टाकला. वैतागून त्या रेघेचं नावही बदललं: ‘कडूबा’. लाइन गेली की दोन्ही पुन्हा करावं लागतं. कोणाला सांगितलं नाही. आता निदान शांतपणे जेवता येईल.

१२ डिसेंबर

दुपारी इन्व्हर्टरसाठी ऑफिसशी फोनवर भांडत होते. त्यांना वाटतं मी रडते उगाच. फोन ठेवून पाहते तर कडूबाची रेघ एकोणचाळीसवर. मग एक्केचाळीस. भोंगा वाजला नाही, कारण तो मीच बंद केलेला.

खाली चार नंबरची एक बाजू ढासळली होती. पायथ्याशी चपला. नारायणरावांना सांगितलं, तर म्हणाले, चहाले गेला असन बुवा, तुमी काऊन घाबरता. संध्याकाळी रेघ सदतीसवर आली. मला बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण खरंच बरं वाटलं.

१३ डिसेंबर

सकाळी फाटकाशी कडूबाची बायको उभी. कोकिळाबाई. तो काल घरी आलाच नाही. चपला अजून तिथेच.

मी नारायणरावांच्या पाया पडायचीच बाकी राहिले. म्हटलं, गंजी हाताने उपसा, माणूस आत आहे आणि जिवंत आहे, हा बघा आकडा. ते म्हणाले, दबलेल्या कापसात गरमी राह्यतेच मॅडम, तो अमडापूरले पोरीकडे गेला असन. अनवाणी? मी विचारलं. बाहेर गाड्यांची रांग होती. त्यांनी कापूस ओढणारा पाइप चार नंबरलाच लावला.

मी ओरडत होते. मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? मधेच सगळं बंद पडलं. नारायणरावांनी मला वर खोलीत पाठवून जिन्याचं दार बाहेरून ओढून घेतलं. मग पाणी मारल्याचा आवाज. कापसाच्या गंज्या रचतात त्या ओट्यावर कधी कोणी पाणी मारतं?

दार उघडून नारायणराव म्हणाले, पाह्यलं ना, काईच नाई निघालं.

१४ डिसेंबर

चार नंबरची गंजी उरलेली नाही. रेघ आहे. सदतीस.

लाइन गेली, आली. पाटी कोरी. नावं परत आली: गंजी एक, दोन, तीन, पाच, सहा. आणि कडूबा. हे नाव कोणताच सेन्सर पाठवत नाही! ते मी दिलं होतं, आणि ते पुसलं जायला हवं होतं.

मी पुसलं. आलं.

पुन्हा पुसलं—

१६ डिसेंबर

गादी आली. नको म्हटलं तरी खाटेवर घातली. पिंजारी गुलाम रसूल बोलायला तयार नव्हता. रुई कुठली विचारलं, तर म्हणाला, चार नंबरची. जाता जाता दारात थांबला. उमरभर रुई पिंजली, पन ही थंडीच होत नाई मॅडम, एवढंच बोलला आणि मजुरी न घेता गेला.

हात लावून पाहिला. उबदार. ऊन नाही खोलीत.

१७ डिसेंबर

जमिनीवर झोपले. उद्या कोकिळाबाईंना घेऊन पोलीस ठाण्यात जायचं. त्यांना सगळं सांगायचं. भोंग्याचंही.

१८ डिसेंबर

कोकिळाबाई वर आल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी गादीवर हात ठेवला. काढलाच नाही. अंगात ताप आहे त्याच्या, म्हणाल्या.

स्क्रीनवर अडतीस झालं. एकोणचाळीस. त्या दुपारसारखंच, तस्संच—

कॉम्प्युटरची वायर उपटली. स्क्रीन काळा. भोंगा वाजतोय तरी. आता वाजतोय—

कात्री घेतली. शिवण उसवतेय.

डाव्या हाताने लिहितेय. उजवा गादीत, कोपरापर्यंत. आत करगोटा लागला. त्यापलीकडे बोटं. त्यांनी माझी धरली. गरम आहेत.

कोकिळाबाई रडताहेत. सोडू नका मॅडम, ओढा त्याले, ओढा—

मी ओढतेय. पण जोर त्याचा जास्त, खांदाही आता आ—