उगवतीकडे तोंड

आई,

तुम्ही देवळात गेल्या होत्या, म्हणून न सांगताच सानगडीच्या बाजाराले चालली. जेवणाच्या वेळेपर्यंत येते.

मागच्या वाडीतल्या सूर्यफुलांवर माझ्या जुन्या साडीची फडकी बांधली आहेत, ती सोडू नका. कामिनीनं विचारलं तर पोपट दाणे खाऊन राहिले म्हणून सांगजा.

बी मी लावलं, पाणी मी घातलं, अन् फुलं तोंड करून उभी राहिली उगवतीले, म्हणजे नेमकी तिच्या दाराकडे. इकडून मले निसती हिरवी पाठ दिसते. धाकटी जाऊ आहे म्हणून तिचं ऐकून घेते. पण काल ती शेजारच्या रत्नाबाईले "आमची सूर्यफुलं पाहा" म्हणून दाखवून राहिली होती, अन् तुम्ही बाजूले बसून मान डोलवत होत्या.

पाठ पिवळी पडलेली दोन फुलं तेवढी कापून आपल्या सैपाकघरात उलटी टांगजा. त्यातलं बी तिले देऊ नका, मागितलं तरी.

थर्मासात चहा आहे. रोज तिच्याच ओसरीवर पिता, आज आपल्या ओसरीवर प्या. तिकडे तोंड करून बसल्या तरी चालेल.

तुमची थोरली,
उर्वशी