आठ बश्यांचं घराणं

शहापूर,
१२ एप्रिल १९४६

प्रिय कमळ,

तुझं पत्र मिळालं. 'धसईचे कोंडूबाबा तुझ्याकडे येऊन गेले म्हणे, आता माझं लग्न होणार की मोडणार?' एवढं एक वाक्य, आणि त्यात अक्षराच्या चार चुका. उत्तर मी शेवटीच देणार आहे. आधी दिलं तर बाकीचं पत्र तू न वाचता चुलीपाशी टाकशील, आणि बाकीचंच तुला ठाऊक व्हायला हवं. मात्र रडणं थांबव आणि चार घास खाऊन घे. उपाशी नवरी मांडवात घेरी येऊन पडते. मी अशा तिघींना कांदा हुंगवलेला आहे.

कोंडूबाबा, तुझ्या विठूचा चुलता, सोमवारी सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. धसईहून दोन दिवस बैलगाडीत बसून आला होता. पस्तीस वर्षं मी इथल्या दवाखान्यात नर्स होते, अर्ध्या तालुक्याची पोरं या हातांनी जगात आणली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी माझ्या दारात कुणी आलं की 'बाई, लवकर चला' असंच म्हणतं. हा म्हणाला, "तुमचा देवक काय?" अजून पाणीसुद्धा प्यायला नव्हता. मला इतका संताप आला म्हणून सांगू!

देवक विचारणं रीतीचंच आहे. मांडवाच्या मेढीला घराण्याचं देवक बांधतात, आणि दोन्हीकडचं एकच निघालं तर लग्न होत नाही. पण तुझ्या बापाने त्याला आधीच सांगितलं होतं, की आमचं देवक वाळुंजाचं झाड. तेवढ्यावर थांबला असता तर तो अनंता कसला! आमचे पणजोबा घोडेस्वार, तिघे भाऊ पूल ओलांडून मुरबाडात आले, मागे गावी तीन मजली घर, सगळं ऐकवून मोकळा झाला. कोंडूबाबाचं म्हणणं असं, की वाळुंज देवक त्याने उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं नाही, आणि त्या काळी मुरबाडात पूलच नव्हता. दोन्ही खरं. माझ्या भावापेक्षा हा म्हातारा हुशार निघाला, याचाही मला रागच आला.

आता नीट वाच. हे तुझ्या बापालाही ठाऊक नाही.

माझ्या फडताळातल्या त्या निळ्या चित्रांच्या आठ बश्या तू पाहिल्या आहेस. तुझे आजोबा राघो तानशाच्या धरणावर एका साहेबाकडे स्वयंपाकाला होते. काम संपल्यावर साहेबाची मडम विलायतेला निघाली, तेव्हा तिने त्यांना त्या बश्या दिल्या, आणि पुढे माझ्यासाठी कॉन्व्हेंटला चिठ्ठीही तिनेच लिहिली. चिनी माती राखेने घासून शुद्ध होत नाही म्हणून आमच्याकडे त्यात कुणी जेवत नसे. आईने त्या भिंतीशी ओळीने मांडल्या आणि आम्हां पोरांना एकेक दाखवून सांगायला लागली. हे घोड्यावरचे तुमचे पणजोबा. हे पुलावरचे तिघे भाऊ. हे आपलं घर, आणि या बशीत घरापुढचं, पाण्यावर वाकलेलं वाळुंज. पणजोबांच्या डोक्यावर हॅट होती. मी विचारलं, तर म्हणाली, "पाऊस होता, म्हून इरलं घेतलंय."

अकराव्या वर्षी मी कॉन्व्हेंटात गेले. पहिल्याच रविवारी मदरच्या टेबलावर पाहते तर माशाच्या काट्यांखाली आमचे पणजोबा! मी उभी राहून ओरडले, ते आमचे आहेत म्हणून. सगळ्या सिस्टर्स हसल्या. एकीने बशी उलटी करून कारखान्याचं नाव मला वाचायला लावलं. माझं पहिलं इंग्रजी वाचन ते. सुट्टीत घरी आले आणि मोठ्या तोऱ्यात आईला सांगितलं, की ही चित्रं छापतात, अशा हजारो बश्या आहेत, यात आपलं कुणी नाही. आई भाकरी थापत होती. तिने मानही वर केली नाही. "मला ठावं नाय काय गो? तुझा बा थोरल्या दुष्काळात घाटावरून उतरला, सात वर्षांचा. ज्याचा हात धरून आला तो मानूस मुरबाडात मेला. राघो, एवढं नाव सोडून त्याच्यापाशी काय नव्हतं. ती मानसं मी दिली त्याला. तुला काढून घ्यायची असली तर घे."

मी घेतली नाहीत. बा म्हातारपणी त्या घोड्याचं नावसुद्धा सांगायला लागले होते. आणि अनंताच्या लग्नात देवकाचा प्रश्न निघाला, तेव्हा आईने झाडाची बशी मेढीशी ठेवली आणि काळू नदीच्या काठावरून वाळुंजाची डहाळी आणवली. झालं आपलं देवक.

सोमवारी मी आठही बश्या कोंडूबाबापुढे मांडल्या आणि हे सगळं त्याला सांगितलं. तुझं लग्न हातातून जाईल हे मला दिसत होतं. पण आईने ती माणसं प्रेमाने दिली होती. सोयरीक जुळवायला मी ती वापरणार नव्हते. तो रेशनच्या साखरेचा चहा दोनदा प्यायला. मग म्हणाला, "बाई, माझा बा पन त्याच साली उतरला. पाटीत बसून." आणि जरा वेळाने, "आमचा पंचपल्लवाचा देवक बी खरा नाय. बा सांगायचा, पंचपल्लव म्हना, कोन पुढं इचारीत नाय. आन समोरच्याला आपनच आदी इचारायचं, म्हंजे तो गप रहातो."

मी हसले नाही. आधी तरी नाही. पण त्याने खुशाल झाडाची बशी उचलून काखेत मारली आणि म्हणाला, "ह्यो आमी पन घेतो." मी ओरडले, "ठेवा ती खाली! एकच देवक झालं तर नवरा-नवरी भाऊ-बहीण होतील!" त्याने बशी तापलेल्या तव्यासारखी खाली ठेवली, आणि मग आम्ही दोघं इतके हसलो की शेजारीण डोकावून गेली. पुढे तासभर त्याने बाकीच्या सात बश्या पारखल्या. होडी नको, धसईत होडी कसली? तीन मजली घर नको, लोक बघायला मागतील. शेवटी दोन उडत्या पाखरांवर बोट ठेवलं. "ही बरी. मांडवाला पीस बांधता येल. आन पाखरांना गाव कोन इचारीत नाय."

तर कमळ, लग्न होणार, ठरल्या अक्षय्यतृतीयेलाच. पण हे पत्र त्यासाठी नाही. आपल्या आठातली एक बशी मी देऊन टाकली आहे. ती तुझ्या आधी तुझ्या सासरी पोचली. नवऱ्याकडच्या मांडवात दिसेल तेव्हा किंचाळू नकोस. कोंडूबाबा बैल जुंपता जुंपताच गाडीवानाला सांगत होता, की ही डावीकडची आमची आजी. त्या घरात उद्या तुझी पोरं विचारतील ही पाखरं कोण, आणि तू शिकलेली म्हणून सगळे तुझ्या तोंडाकडे बघतील. मी तुझ्या वयाची असते तर बशी उलटी करून दाखवली असती. तू सुलटीच ठेव. मी रविवारच्या मोटारीने येते आहे, सात बश्या मांडीवर घेऊन. ड्रायव्हरला आत्ताच दम भरून ठेवला आहे.

तुझीच,
सरूआत्या